उताण्या बैलांची पिशवी

कसबा बावडा,
जून २००६

ती. सौ. गिरिजाक्कास,

धाकट्या दानेश्वरीचा शरणु शरणार्थ. दाजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंची कंबर आता बरी असेल. (नसेल तर शेकायची पिशवी मी शिवून पाठवणार नाही, एवढं त्यांना सांग. कारण पुढे येईलच.) कबनूरला वीज असते का, की दाजींचे यंत्रमाग अजून निम्मा दिवस गप्पच असतात? इकडे सगळे खुशाल आहेत. अप्पांचा पाय तेवढा सुजलाय. काळजी करू नकोस आणि जमलं तर मला बोलूही नकोस.

गेल्या पावसाळ्यात आपल्या किराणा दुकानासमोरची गटार कॅरीबॅगांनी तुंबून पाणी साखरेच्या पोत्यांपर्यंत आलं होतं, ते तुला माहीत आहेच. त्यातल्या बऱ्याचशा कॅरीबॅगा आपल्याच दुकानातून गेलेल्या. तेव्हापासून मी अप्पांच्या मागे लागले होते की यंदा त्या बंद करू. घरातली पहिली पदवीधर मी, निदान एवढं तरी ऐकावं. अप्पा म्हणाले, "करतो की बंद. गिऱ्हाईक गूळ काय तुझ्या सर्टिफिकेटात बांधून नेणार हाय?" शेवटी असं ठरलं की मी स्वतःच्या हातानं एक कापडी पिशवी शिवायची आणि अप्पांनी तीत गुळाची ढेप घालून गिऱ्हाइकांसमोर उचलायची. टिकली तर कॅरीबॅग बंद. नाही टिकली तर या विषयावर मी घरात पुन्हा तोंड उघडायचं नाही.

दाजींनी दिवाळीत दिलेलं मांजरपाटाचं कापड ट्रंकेत होतं. पण कोरी पिशवी कोण हातात धरणार, म्हणून छपाई करायचं ठरवलं; आणि बेंदराचा सण तोंडावर आलेला, म्हणून बैल. बटाटा कोरून ठसा केला. (पहिल्या बटाट्याची शिंगं मोडली आणि त्याचं रेडकू झालं. ते अव्वानं भाजीत घातलं.) लांब पट्टीच्या एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला दोन असे चार तांबडे बैल उमटवले. चौघेही एकाच दिशेला ताठ उभे होते. मला फार अभिमान वाटला.

मग तुझं शिलाई मशीन. तू सासरी गेल्यापासून अव्वा त्यावर पापडाची परात ठेवते. पायट्यानं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, आणि माझ्या पायाला उलटंच फिरवायची ओढ आहे. शेजारच्या चिमणाबाईंनी हाक मारली म्हणून उठायला गेले, तर मानेला हिसका बसून पुन्हा खाली आले. पिशवीच्या कडेबरोबर माझी ओढणीही शिवली गेली होती. (खरं सांगायचं तर तेवढीच शिलाई सरळ आली होती.)

पट्टी मधोमध दुमडून कडा शिवल्या आणि वर पट्टे लावले. पुढचे दोन बैल झकास. पिशवी फिरवून पाहते तर मागचे दोघं पाय आभाळाकडे करून पडलेले. दुमडल्यावर मागची बाजू उलटी होणार हे सगळ्यांना म्हणे आधीच कळतं. चिमणाबाईंनी पाहून एवढंच विचारलं, "साप डसला व्हय गं ह्यांस्नी?" अज्जी मात्र हादरली. बेंदराच्या तोंडावर साक्षात नंदी, बसवण्णा उताणा. मी समजावलं की तो बसवण्णा नाही, नुसतं चित्र आहे. ती म्हणाली, "मग भोपळा काढायचास की." आणि दोन्ही उताण्या बैलांच्या कपाळाला तिनं विभूती लावली.

अप्पांनी शब्द पाळला. उताणी बाजू स्वतःच्या पोटाशी धरून ढेप उचलली. पिशवी टिकली. मी गिऱ्हाइकांना पर्यावरणाविषयी दोन शब्द सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात एक पट्टा उसवला आणि ढेप अप्पांच्या पायावर. चिमणाबाई म्हणाल्या, "उताण्या बैलानंच लाथ मारली बघा."

रात्रभर मला वाटत होतं की आता संपलं. पण सकाळी अप्पा पायाला लेप लावून घेत म्हणाले, "जावयाचं कापड टिकलं, पोरीची शिलाई गेली. निम्मी पैज ऱ्हायली. बेंदराला दुसरी आण." त्यांचं हे बोलणं मला आपल्या घरातलं सर्वांत न्यायाचं बोलणं वाटलं.

अव्वाला तुझी आठवण येते. मुलांना गोड पापा.

तुझी,
दानेश्वरी

ता. क. कॅरीबॅगांचा गठ्ठा वरच्या फळीवर आहे आणि सुजलेल्या पायानं अप्पांना स्टुलावर चढता येत नाही. त्यामुळे तेच गिऱ्हाइकांना "घरनं पिशवी आणा" म्हणतात आणि लोक आणतातही. म्हणजे कॅरीबॅग बंदच आहे, पाय बरा होईपर्यंत. लेप लावायचं काम माझ्याकडे आहे. मी तो लावते, पण फार चोळत नाही.

दुसरा ता. क. मुद्द्याचं राहिलंच. बेंदराला म्हणून चार दिवस आधीच ये, येताना मांजरपाट आण आणि शिलाई तू कर. पिशवी माझ्या हातची हवी अशी अट आहे, म्हणून ठसे मी मारते आणि मशीनचं चाक मी धरते. दाजींना हे सांगू नकोस, ते अप्पांना सांगतील.

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी पिशवी तळाशी कापून, कडा उसवून मागचा तुकडा फिरवून पुन्हा जोडली. आता चारही बैल एकाच दिशेला आहेत. मागचा पट्टा मात्र खाली, बैलांच्या पायांकडे गेलाय. अज्जी विभूती शोधते आहे. लवकर ये.