अर्धलीच्या शेळ्या आणि मुकुंदवाडीचे घर

मी चतुराबाई बद्रीनाथ गाडेकर, वय सहासष्ट, विधवा, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. बुद्धी शाबूत आहे; गल्लीतल्या भिशीचा हिशेब आजही माझ्याच तोंडी असतो. कोणाचा दाब नाही. मनाचा आहे, पण तो कागदावर कसा मांडायचा हे वकिलांनाही सांगता आले नाही.

१. माझ्या पाटल्या मुलगी मोनिका हिला. बँकेतली ठेव मुलगा सत्यम याला. त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मिळालेली ही रक्कम. मी तिच्यातून मोटारसायकल घेऊ दिली नाही म्हणून बापलेक महिनाभर फुगून बसले होते. लग्न, बाळंतपण, म्हातारपण, सगळ्याची तजवीज मी आधीच करत आले. लोक माझा सल्ला घेतात. पहिले भांडवल कुठून आले, हे कोणी विचारत नाही.

२. शिलाई मशीन सून शीलाला. दीर कडुबा यांना काही नाही. आमच्या छपराच्या पत्र्यांचे काय झाले, ते त्यांना चांगले ठाऊक आहे.

३. राहत्या घराचा निम्मा हिस्सा माझी नणंद अंबिका हिला, निम्मा सत्यमला. सत्यम चिडेल, म्हणून कारण लिहिते.

अंबिकाला नवऱ्याने नांदवले नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला शेळ्या घेऊन दिल्या. ऊसतोडीला जाताना ती त्या पाचोडजवळच्या आमच्या गावी माझ्याकडे अर्धलीने ठेवायची. म्हणजे शेळ्या तिच्या, राखण माझी, होतील ती पिले निम्मी-निम्मी. शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या. माझ्या मालकांना चिकलठाण्याच्या कंपनीत काम लागले आणि इथे नुसत्या बॉण्डपेपरवर प्लॉट मिळत होता. मी पाचोडच्या बाजारात सगळ्या शेळ्या विकून तो माझ्या नावावर घेतला. अंबिकाला सांगितले, चाऱ्यावाचून मेल्या. ती माझ्याच गळ्यात पडून रडली. मीही रडले, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढे तिला माझी मुले सांभाळायला इथे आणले. लोक म्हणाले, चतुराबाईचे काळीज मोठे. मी ते ऐकून घेत राहिले. हे घर त्या शेळ्यांचीच पिलावळ आहे, तेव्हा अर्धलीच्या रिवाजाने निम्मे तिचे.

४. साक्षीदारांबाबत खुलासा. सहीला मी अंबिकालाच बोलावले होते. वकील म्हणाले, ज्याला हिस्सा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही.

"मला कशाचा हिस्सा, वैनी?" तिने विचारले. मग सगळे सांगावे लागले.

"हिस्सा ऱ्हाऊ द्या. कुनी घेतल्या त्या? पाळनाऱ्यानं का खाटकानं?"

"पाळणाऱ्यानं" असे मी म्हटले असते, तर तिने मला माफ केले असते.

"खाटकानं," मी म्हणाले.

"समद्या?"

"समद्या."

ती उठून मागच्या खोलीत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तिने हिस्सा नाकारला तरी कलम तीन कायम राहील. आणि माझ्या मातीला ती आली नाही, तर तिला बोलवायला कोणी जाऊ नये.

सही: चतुराबाई बद्रीनाथ गाडेकर
साक्षीदार: हनुमान सखाराम तांबे, शेजारी, दगडाबाई रामकिसन वाघ, शेजारीण
ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ मे २०२४