चुचकारणं राहून गेलं

प्रिय आबा,

आज श्रावणातल्या कानबाईच्या नैवेद्याला, रोटांसाठी, आई गहू काढत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सवयीने पहिली मूठ तुमच्या नावाने भरली आणि तशीच परत पोत्यात सोडली. तुम्ही गेल्यानंतरचे हे पहिले रोट. मला तिथे बसवेना, म्हणून वही उघडली.

चुचकारणं हा शब्द मी तुमच्याकडून शिकलो. धुळ्याला कॉलेजात असताना शब्दकोशात शोधला, तेव्हा कळलं की तो आवाजावरूनच आलाय. जनावराजवळ जाऊन ओठांनी काढतात, तो च् च्. पुढे तो रुसलेल्या पोरांपर्यंत पोचला. तुम्हाला सांगितलं तर हसलात! "ते बैलले बी समजस. त्याले पुस्तक कसाले?"

ताई लहानपणी रुसून कणगीमागे बसायची. तुम्ही चुचकारायला लागलात की ओरडायची, "मी काय बैल शे का?"

"नही व माय, बैल तुन्हापेक्षा शाना शे!" मग ती हसायचीच.

फुसलावण्यात लबाडी असते, समजावण्यात मुद्दे. तुम्ही चुचकारताना काहीच पटवून देत नव्हतात. जवळ बसायचात, पाठीवरून हात फिरवायचात.

आणि मी तुमचे बैल विकले. तुम्ही एरंडोलला ताईकडे गेला होतात, विचारलंही नाही. तुमचे गुडघे, शेजारचा ट्रॅक्टर, कारणं तयार होती. परत आलात आणि नेहमीसारखा आवाज करीत गोठ्यात शिरलात. आबा, तो आवाज मध्येच थांबला, ते मी ओट्यावरून ऐकलं.

तुम्ही अन्न सोडलंत. दिवस गेल्या वर्षीच्या कानबाईचे. मी समोर उभा राहून कारणं सांगत राहिलो. आई म्हणाली, "बठ्ठं खरं शे तुन्हं. पन जरासं चुचकार ना भाऊ त्यास्ले!"

नाही चुचकारलं. बापाला कुणी चुचकारतं का? हा शब्द लहानांसाठी, मुक्या जनावरांसाठी. वडिलांच्या बाबतीत मला तो उर्मटपणा वाटला. की तेव्हा असं काही वाटलंच नव्हतं, आणि हे कारण मी नंतर शोधलं? खरंच सांगता येत नाही. या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: आबा रागावले आहेत.

सगळे भाऊबंद बसल्याशिवाय रोट मोडत नाहीत, म्हणून तुम्ही पंगतीला आलात. माझ्याशेजारी बसून एक तुकडा खाल्लात. दिवाळीच्या आत गेलात, माझ्याशी एक शब्द न बोलता. का, आबा? एक शिवी तरी द्यायची!

दहाव्याला मी सगळ्यांना सांगत होतो, "रोटाला बसले ना, तेव्हाच त्यांचा राग गेला." ताईलाही हेच सांगितलं. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

तुम्ही कानबाईसाठी बसला होतात, माझ्यासाठी नाही. ताई आज रोटांच्या दर्शनाला येईल, तेव्हा तिला हे सांगणार आहे. आणि तुम्हाला शब्द देतो: स्वतःच्या मनाला पुन्हा असं चुचकारणार नाही.

तुमचा,
भास्कर