व्हय का न्हाई

डोंगरकडा,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,

आत्याचा आशीर्वाद. इकडं समदे बरे हायेत. शेळी व्याली, दोन करडं झाली. तू पुण्यात सुखातच आसशील, न्हाईतर एवढा उद्योग सुचला नसता.

फोन लावला की तू म्हणतीस, "आत्या, मीटिंगमधी हाय, नंतर बोलू." म्हणून लिहून राहिले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, मुकाट्यानं लावून वाच.

गेल्या महिन्यात हिंगोलीला तुझ्या बापाच्या नावाचं दालन उघडलं, चांगलं केलंस. नामादादाचा फोटो मोठा लावलास, खाली 'मराठी बोलणारा संगणक घडवणारे' लिहिलंस. मेंढक्याच्या पोरानं वारंगा फाट्यावर, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागं पत्र्याच्या खोलीत ते मशीन जोडलं, हे बी भाषणात सांगितलंस. लोक टाळ्या वाजवून राहिले व्हते. मंग मला स्टेजवर बोलावलंस, नारळ दिलास आन् म्हणालीस, "आत्या, बटण दाबा."

मशीनला गणित घातलं व्हतं, पाच आन् पाच धा का? मी बटण दाबलं. आतून एक बाई बोलली, "होय. आपले उत्तर बरोबर आहे." रेडिओवरच्या बातम्यावानी.

कोन व्हती ती बाई?

मी खाली उतरले, नारळ खुर्चीवर ठेवला आन् बस धरली. तू समद्यांना सांगितलंस, आत्याला ऊन लागलं. जानेवारीत कुठलं ऊन.

त्या मशीनमधी मायचा आवाज व्हता. तुझ्या आजीचा, जिवनबाईचा. तुला ठावं हाय. दादानं तिला पयल्यांदा सांगितलं, "माय, ह्याला दोनच गोष्टी कळत्यात, व्हय आन् न्हाई." माय म्हणाली, "मंग हे तुझ्या बापावर गेलं." टेप तोंडापुढं धरला तर बोलंना. "उगंच कसं व्हय म्हणू? कायतरी इचार की." दादानं इचारलं, "जेवलीस का?" "व्हय." तेवढ्यात मागं कोकरू ओरडलं, ते बी टेपात गेलं. मंग दादानं इचारलं, "मेंढरं सोडून ह्यात पडलो, रागावलीस का?" माय म्हणाली, "न्हाई." तेच दोन शब्द त्यानं मशीनच्या काळ्या चिपमधी भरले. मी तिथंच भाकरी थापत व्हते.

मुंबईचा सायब मशीन घ्यायला तयार व्हता. फकस्त म्हणाला, "हा गावंढळ आवाज काढा, शुद्ध बोलणारी बाई बसवा, आन् ते कोकरू हाकला." दादा मशीन टेम्पोत घालून वापस आला. जलमभर फाट्यावर रेडिओ दुरुस्त केले, पण आवाज बदलला न्हाई. आन् तू त्याची पोरगी, त्याच्याच फोटोसमोर सायबाचं ऐकलंस. काहून? लोक हसतील म्हणून? आमच्या बोलण्याची लाज वाटती तर तसं तोंडावर सांगायचं.

मशीन चालू करून देणारा तुझा तो दुरुस्तीवाला मी उतरताना म्हणाला, "जुना आवाज क्लिअर नव्हता, मावशी." क्लिअर म्हणं. मायच्या गालात कायम तंबाखू, कुठून क्लिअर येणार.

खरं सांगू का, मी दालन बघायला आलेच नव्हते. माय गेली त्याला पंधरा वर्षं झाली. फोटो हाय, लुगडं हाय, आवाज कुठंच न्हाई. तवा आपल्या घरात मोबाईल नव्हता. पाच आन् पाच धा मला बी येतं. मी मायला ऐकायला आले व्हते. येताना बसमधी एक सवाल मनात धरून बसले व्हते, तिला इचारायचा. तो तुला सांगणार न्हाई.

आता एवढंच कळव. काढलेली ती जुनी चिप तुझ्यापाशी हाय का? फेकली आसल तर त्या दालनात माझं नाव घेऊ नको, मायचं तर न्हाईच न्हाई. ठेवली आसल तर परत बसव, कोकरासकट. मी मिळंल त्या बसनं येते.

माफी, खुशाली, कायबी लिहू नको. बापाच्या मशीनवानी दोनातला एक शब्द लिही. आन् 'होय' लिहिलंस तर पत्र फाडीन.

वाट बघून राहिलेली,
जिवनबाईची लेक
चांगुणा