आईंच्या आंब्यावरची पिवळी खूण

१२ जुलै, शनि. बेलापूर
शाळा अर्धी. घरी येते तर अण्णा (सासरे) जेवलेले नाहीत. वखारीमागं आईंच्या आंब्याचं खोड पडलंय, त्याला पिवळा रंग लागलाय म्हणे. आमच्या वखारीत पिवळी खूण म्हणजे लाकूड विकलं, पुन्हा विचारायचं नाही. आणि हे खोड तर विकायचंच नाही. सासूबाईंनी कोयीपासून वाढवलेलं झाड. त्या गेल्या, त्याच वर्षी वादळात तेही पडलं. अण्णांनी त्याला करवत लावू दिली नाही.
"पोरानं आईला विकलं," अण्णा. वि. म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही. माझा नवरा आणि त्याचा बाप, दोघंही एका मापाचे हट्टी.

१३ जुलै, रवि.
अण्णांनी सकाळीच टर्पेंटाइनच्या बोळ्यानं खूण पुसली. गुडघे दुखतात तरी खाली बसून. लाकडांवर खुणा करतात ते रफिकचाचा, तीस वर्षं. ते सांगायला आले, "खुदाकसम अण्णा, मी ब्रश उचलला न्हाई." अण्णांनी त्यांना चहा पाजला. वि.ला विचारलंसुद्धा नाही.

१५ जुलै, मंगळ.
खूण परत! आता दुसऱ्या टोकाला. वीतभर, पिवळीधमक. "मी पुसतो, ह्यो रंगवतो," अण्णा. आजपासून अण्णांचं ताट वेगळं.
मी भिंग घेऊन गेले. रंग कसला? लोण्यासारखं ओलं, कडेला शिरांची जाळी. बोटाला चिकटलं. स्लाइम मोल्ड! एवढी वर्षं विज्ञान शिकवतेय, पुस्तकात चित्र दाखवतेय, आणि प्रत्यक्ष भेट आपल्याच परसात. बुरशी म्हणावी तर बुरशी नाही, प्राणी म्हणावा तर प्राणी नाही. सरकत सरकत खातं. एकटीच हसत बसले.
अण्णांना सांगितलं. "नवऱ्याला वाचवायला मास्तरीणबाईंनी गोष्ट रचली."

१६ जुलै, बुध.
अण्णांच्या देखत कडेकडेनं टाचण्या टोचल्या. म्हटलं, उद्या हे टाचण्यांच्या पलीकडं गेलं तर तुमचा मुलगा निर्दोष. "बघू," म्हणाले. संध्याकाळपर्यंत छत्री घेऊन पहाऱ्यावर. कुणी ब्रश घेऊन येतंय का बघायला! चहा तिथंच नेऊन दिला.

१७ जुलै, गुरु.
टाचण्यांच्या चार बोटं पुढं!! अण्णा तासभर बघत बसले. "चालतंय की गं हे." अगदी लहान मुलासारखा चेहरा. मग म्हणाले, "म्हंजी खोड कुजलंय म्हनायचं."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हो म्हणाले, कुजक्या लाकडावरच हे वाढतं. खोटं बोलायला हवं होतं का? फार वाईट वाटलं.

१९ जुलै, शनि.
नगरच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या मॅडमना फोटो पाठवले होते. उत्तर आलं: फुलिगो असेल, फायसॅरमही असू शकेल, नुसत्या फोटोवर नाव सांगणार नाही. सुकून भुकटी झाली की पाठव, तोवर हलवू नकोस.
अण्णा: "येवढी शिकलेली बाई आन् नाव सांगता येत न्हाई?"
ताटं अजून वेगळीच. अण्णांना म्हटलं, तुमची चूक झाली, एक शब्द बोला त्याच्याशी. "बापानं?"
वि.ला म्हटलं, तूच जा. तर हा खाली मान घालून म्हणतो, "रंग मी लावला नव्हता. पण खोड द्यायचा वीटभट्टीवाल्याला शब्द दिलाय. गुरुवारी टेम्पो येणार."
कपाळावर हात मारून घेतला. दोघांवर जीव आहे म्हणून, नाहीतर...

२४ जुलै, गुरु.
रजा टाकली. टेम्पो आलाच. वि. फाटकाशी खांबासारखा उभा. अण्णा काठी टेकत पुढं झाले. टेम्पोवाल्याला म्हणाले, "पिवळी खूण दिसंना का? गेलं त्ये लाकूड. गिऱ्हाईक वर बसून खातंय."
टेम्पोवाल्यानं खोडाकडं बघितलं, वि.कडं बघितलं, गाडी वळवली.
आता स्फोट होणार म्हणून मी पदर खोचला. अण्णांनी फक्त गोणपाट भिजवलं. वि.ला म्हणाले, "उनानं सुकंल त्ये. दुसरं टोक धर."
वि.नं धरलं. दोघांनी खोडावर पांघरलं, आईंना थंडीत शाल घालायचे तसं. माझे डोळे भरून आले. टेम्पो कुणी बोलावला हे अण्णांनी विचारलं नाही. माहीत असावं.
मॅडमना काय कळवू? ते सुकल्याशिवाय नाव कळणार नाही, आणि अण्णा सुकू देत नाहीत.
दुपारी ताटं शेजारी शेजारी मांडली. अण्णा येऊन बसले, घास न घेता. वि. हात धुवायला मोरीवर गेलाय. अजून धुतोय.