ट्रेलर मागे घेण्याविषयी भाऊजींना

ती. भाऊजींना सा. न.

(साष्टांग हा शब्द लोक सवयीने लिहितात. मी या वेळी खरोखर घातला असता, पण कागदावर तशी सोय नाही.) आपली तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी चालू असेलच, हे पत्र वाचण्याआधी घेऊन टाकलीत तर बरं. ताईचा खांदा आता वर होतो का? तिला माझा नमस्कार सांगा, मात्र पत्र आलंय हे सांगू नका. फोन न करता पत्र लिहितोय ते त्यासाठीच. फोन तुमचा असला तरी उचलते ती, उचलला की स्पीकरवर टाकते, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझं सोडून सगळ्यांचं.

तुमचा ट्रेलर धडधाकट आहे, हे आधी सांगून टाकतो. (डावा मागचा दिवा वगळता. त्याबद्दल पुढे.) मी तो न्यायला आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की अर्धा तास थांब, समोरच्या मैदानात मागे घ्यायला शिकवतो, ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे खायचं काम नाही. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस हे सांगत होता. आणि मी, ज्याने जन्मभर विमा कचेरीतल्या खुर्चीखेरीज काही मागे घेतलं नाही, तो काय म्हणालो? म्हणालो, भाऊजी, नवीन गाडी आहे, हिला कॅमेरा आहे! तुम्ही शिकवण्याचा विषय सोडलात. ट्रेलरचा हुक गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर नीट बसलाय का ते हलवून पाहिलंत, जड सामान चाकांच्या किंचित पुढे ठेव म्हणालात आणि आत गेलात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण गाडी घेऊन दोनच महिने झाले होते. लहान असली तरी जरा उंच गाडी आहे, आणि उंच गाडीत बसलं की माणसाला उगीच आपली अक्कलही तेवढीच उंच झाल्यासारखी वाटते.

अण्णांची अट तुम्हाला ठाऊक आहेच. आई गेल्यापासून दोन वर्षं आपण सगळे कानीकपाळी ओरडतोय की एकटे राहू नका, माझ्याकडे या, आणि तुमचे सासरे एक्याऐंशीव्या वर्षीही ढिम्म. शेवटी मागच्या महिन्यात एवढंच म्हणाले की माझं बाइंडिंगचं टेबल येत असेल तर येतो, टेबलाशिवाय मी कोणाकडे पाहुणा म्हणून राहणार नाही. ते टेबल तुम्ही पाहिलंय. साठ वर्षं त्याच्यावर पुस्तकं शिवली, खळ लावली, पुठ्ठे कापले. त्याच्या एका टोकाला पुस्तकं दाबायचा बिडाचा प्रेस पक्का बसवलेला, आणि तो एकटाच एखाद्या गलेलठ्ठ माणसाच्या वजनाचा. ते चढवायला पाच जण लागले. चढवताना अण्णा म्हणाले, प्रेसची बाजू पुढे घे. तुम्हीही तेच सांगितलं होतं. पण मी म्हटलं, जड बाजू मागे असली की उतरवताना आधी हातात येते. झालं! अण्णांनी घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि मागच्या सीटवर गाठोड्यांशेजारी जाऊन बसले. पुढची सीट दोऱ्याच्या रिळांनी आणि पुठ्ठ्यांनी भरली होती.

पहिल्या उताराला ट्रेलर शेपूट हलवू लागला. आधी हळू, मग असा की मागचा ट्रेलर गाडी चालवतोय आणि मी नुसता पुढे बसलोय. स्टिअरिंग हातात पोकळ लागत होतं. पण अण्णा मागे बसलेले, त्यामुळे मी शीळ घालत राहिलो. (मला शीळ येत नाही.) पस्तीस किलोमीटरवर पेट्रोल पंप दिसला तसा आत शिरलो. शिरलो खरा, पण समोर टँकर रिकामा होत होता आणि बाहेर पडायचं तर मागे जाणं भाग. भाऊजी, तुमचा तो कॅमेरा, म्हणजे माझा तो कॅमेरा, त्यात फक्त ट्रेलरची पुढची फळी दिसते. इतकी जवळून की तिचे खिळे मोजता येतात. मी डावीकडे वळवलं की तो उजवीकडे, उजवीकडे वळवलं की तो डावीकडे, आणि आम्ही दोघं मिळून पंपावर इंग्रजी व्ही काढून उभे. चार शहाणे जमले. एक म्हणे येऊ द्या, दुसरा म्हणे कट मारा, तिसरा हात नुसते हवेत फिरवत होता, आणि चौथा, पंपावरचा हवावाला, म्हणाला साहेब, सोडा ट्रेलर, हाताने ढकलू, तुम्ही गाडी फिरवून आणा, परत जोडू. ट्रेलर सुटला, बाजूला ढकलला गेला. मी गाडी फिरवून त्याच्या तोंडाशी आणली आणि खाली न उतरता काच वर केली. कोणाच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

आता यात थोडा दोष तुमचाही आहे, रागावू नका. लहानपणापासून तुमच्या बसमध्ये फुकट फिरलेला मी, मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या की गाडी सोडायची, हे माझ्या रक्तात भिनलंय. हवावाल्याने डिकीवर दोन थापा मारल्या. त्याला म्हणायचं होतं थांबा, अजून गोळा लांब आहे. मी गाडी सोडली.

आणि काय सांगू, गाडी अशी निघाली म्हणता! शेपूट नाही, हिसका नाही, पोकळी नाही. मला वाटलं, हात बसला. (तुमचा ट्रेलर गाडीपेक्षा अरुंद आणि बुटका. सरळ रस्त्यावर तो आरशात तसाही दिसत नाही, आणि मागची काच गाद्यांनी झाकलेली.) इतका आनंद झाला की मला बोलावंसं वाटलं. मधल्या आरशात अण्णांची लोकरी टोपी दिसत होती. मी आधी गाडीबद्दल बोललो, मग त्यांच्या खोलीबद्दल, खिडकी पूर्वेला आहे वगैरे. मग जे त्रेपन्न वर्षांत जमलं नाही ते बोललो. म्हटलं, अण्णा, आई गेल्यावर मी दर आठवड्याला यायला हवं होतं, आलो नाही. कामाचं नुसतं निमित्त होतं. ते घर तिच्याशिवाय मला बघवत नव्हतं, आणि तुम्ही मात्र त्यात एकटे राहिलात. मला माफ करा. डोळे भरून आले म्हणून गाडी हळू केली. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांचं नेहमीचंच, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

घरी पोचलो. तुमच्या वहिनींनी हौसेने मागचं दार उघडलं आणि विचारलं, अण्णा कुठेत? मी म्हटलं, मागे. त्या म्हणाल्या, मागे गाठोडं आहे आणि त्याच्यावर टोपी आहे. मग त्यांनी आणखी मागे पाहिलं आणि विचारलं, ट्रेलर कुठंय? भाऊजी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात, मी तेव्हा अंगणात तशी एखादी भेग शोधत होतो. आपण जन्मदात्या बापाला पेट्रोल पंपावर विसरून चोवीस किलोमीटर आलो, आणि त्याच्या टोपीची माफी मागितली!

परत कसा गेलो ते माझं मला माहीत. गाडी फिरत असताना ट्रेलरवरच्या टेबलाला कोणी धक्का लावू नये म्हणून अण्णा टोपी गाठोड्यावर काढून ठेवून खाली उतरले होते. फोन त्यांच्या पिशवीत आणि पिशवी माझ्या गाडीत. मला वाटलं होतं शिव्या मिळतील, रडारड होईल. अण्णा ट्रेलरवर चढून टेबलाशी बसले होते, चष्मा लावून टेबलाच्या खणातल्या सुईदोऱ्याने पंपाच्या तक्रार वहीचा सुटलेला कणा शिवत होते, आणि हवावाला शेजारी उभा राहून दोरा धरत होता. मला बघून म्हणाले, "आलास?" बस्स, एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर चाललं असतं. प्रेस पुढे घेऊन टेबल सगळ्यांनी फिरवलं, आणि आम्ही निघालो. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, टेबल उतरवायची घाई करू नकोस, ट्रेलरवरच असलं तर परत न्यायला सोपं. मी मान हलवली. जे टोपीला सांगितलं होतं ते त्यांना सांगायला तोंड उघडेना.

आता ट्रेलर आमच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा आहे. आत घ्यायचे सहा प्रयत्न झाले. दिवा तिसऱ्यात गेला, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेची कुंडी पाचव्यात. सहाव्यात अण्णाच म्हणाले, राहू दे. चाकांना विटा लावल्यात आणि रोज सकाळी नऊला ते स्टूल लावून वर चढतात. मुख्याध्यापिका कुंडीची तक्रार घेऊन आल्या होत्या, त्या शब्दकोश बांधायला देऊन गेल्या. काल तिघे आले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात की सध्या गाडीवरच आहे, पक्का पत्ता नाही. ते वाक्य मला खिडकीतून ऐकू येतं आणि मी पडदा ओढतो.

तरी आपण येत्या रविवारी यावं, ट्रेलर एकदाचा आत घ्यावा, आणि मला तो अर्धा तास शिकवावा. मी गप्प उभा राहून शिकेन. कॅमेऱ्याचं नाव काढणार नाही.

आपला,
खजील मेहुणा

ता. क. दिवा नवीन बसवून घेतलाय. ताईला फक्त दिव्याचं सांगा. पंपाचं सांगू नका, ती मला उभा सोलेल आणि तिचं बरोबर असेल.

ता. क. २. वरचं लिहून चार दिवस झाले, पत्र टाकायचं राहिलं. रविवारी येऊ नका. कालपर्यंत अण्णांना रोज नवं काम येत होतं. टेबल आत आलं की ते उतरवावं लागेल, आणि उतरवायचं म्हटलं की कुठे, इथे की तिथे, हे त्यांना ठरवावं लागेल. ते तिथे म्हणाले तर मी काय करू, भाऊजी? मला भीती वाटते. ट्रेलर आणखी महिनाभर असू दे.

ता. क. ३. तुमच्यापासून काय लपवायचं. आज अण्णा फिरायला गेले होते तेव्हा मी एकट्याने करून पाहिलं, तुम्ही बसवर करायचात तसा हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरून. पहिल्या झटक्यात सरळ आत! कुठे खरचटलं नाही. दोन मिनिटं मी तसाच बसून राहिलो. मग पुन्हा बाहेर काढला, होता तिथेच लावला, विटा घातल्या. अण्णा आले, विटांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि विचारलं, काय रे, जमेल का तुला कधी? मी खाली मान घालून म्हटलं, नाही अण्णा, मला हे काही जमायचं नाही. ते म्हणाले, बरं, आणि वर चढायला माझा हात मागितला.