लहान गाडी कुठेही वळते

॥ श्री ॥
दूधविनायक, काशी
१८ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. पद्माताईस,
दिनूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि अनारशांचा डबा दोन्ही पोचले. अनारसे वाटेत फुटून चुरा झाला. आई तो वाटीत घेऊन चमच्याने खाते आणि पद्माच्या हाताला चव आहे, बांधणीला नाही, असं येईल त्याला सांगते.

आता कामाचं. मी मोटार घ्यायची ठरवली आहे. हसू नकोस. गेल्या पौषात कोहऱ्यात, म्हणजे इथल्या दाट धुक्यात, राजघाटच्या पुलावर आमची स्कूटर घसरली आणि लतिकाचं मनगट मोडलं, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून शरदिनी स्कूटरवर माझा शर्ट मुठीत धरते आणि पूल संपेपर्यंत डोळे मिटून बसते. नऊ वर्षांची पोर. माझं कॉलेज रामनगरला, लतिका शिकवते ती शाळा रामनगरला, पोरीची शाळाही तीच. म्हणजे रोज तिघांनी एका स्कूटरवर गंगा ओलांडायची नि संध्याकाळी परतायचं. कॉलेजचं क्वार्टर रिकामं पडलं आहे, दारात पेरूचं झाड आहे. पण बाबा गेल्यावर आईने बिंदुमाधवासमोर क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही, आणि वेस तर गंगेलाच संपते. तिला इथे एकटी टाकून आम्ही पलीकडे कसे राहणार? थंडी सुरू झाली की ती संध्याकाळी दारातच बसते आणि स्कूटरचा आवाज आला की माळ खाली ठेवते. आपल्यामुळे पोरांचे हाल होतात, असं ती एकदाच म्हणाली. पण ते माझ्या मनातून जात नाही.

तर गाडी. मारुती आठशे स्वस्त, पण मागे दाटी. इंडिका ऐसपैस, डिझेलवर चालते, पण अंगाने मोठी. तिसरी ती नवी उंच टपाची सँट्रो. गल्लीत कुठलीच येणार नाही, मैदागिनला एका ओळखीच्या अहात्यात, म्हणजे आवारात, उभी करावी लागेल. रत्नाकररावांनी वीस वर्षं गाडी चालवली आहे, त्यांना विचारून कळव. आणि गंमत सांगतो, आईने स्वतःहून विचारलं की पुढची सीट किती उंच असते. तिला कुठे जायचं आहे कोण जाणे!

सर्वांना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

तुझा,
दिनू


॥ श्री ॥
पुणे
२९ नोव्हेंबर १९९९

चि. दिनानाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले. पोटभर हसले आणि मग शरदिनीचं वाचलं. पोरीला डोळे मिटून शाळेत न्यायचं म्हणजे काय रे? हे तू मला वर्षभर का कळवलं नाहीस?

रत्नाकरांना विचारलं. त्यांना कोणी काही विचारलं की सिंहासनावर बसल्यासारखे बसतात. त्यांचं मत असं, की अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि रस्ता पाहून गाडी घ्यावी. इंडिकेत जागा आहे, पण तुमच्या मैदागिनला आणि पुलावरच्या कोंडीत ती मोठी गाडी हाकताना तू रडशील. तू मुळात सायकलही भिंतीला टेकून उतरणारा. मारुतीत आईला वाकून शिरावं लागेल, तिच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. म्हणून ती उंच गाडी घे. खुर्चीत बसावं तसं बसता येतं, आणि लांबीला बेताची. लहान गाडी कुठेही वळते, हे वाक्य त्यांनी मला दोनदा लिहायला सांगितलं आहे. तेव्हा हे दुसऱ्यांदा: लहान गाडी कुठेही वळते.

आईला कुठे जायचं असं तू विचारतोस. तिला कुठे जायचं नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? माझ्या इंदूच्या लग्नाला आली नाही. इंदूला मुलगा झाला, तो आता चालायला लागला, पणजीने त्याला पाहिलेलं नाही. व्रत आहे म्हणे. देवासाठी लेकीचं दार वर्ज्य करणारी आई माझ्याच वाट्याला यायची होती. तिला हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.

लतिकेचं मनगट थंडीत दुखत असेल तर तिळाचं तेल कोमट करून लावायला सांग. गाडी आली की कळव, पेढे मी इथे वाटीन.

आशीर्वाद आहेतच, पत्रांत खंड नको.

तुझी,
ताई


॥ श्रीबिंदुमाधव प्रसन्न ॥
काशी
मार्गशीर्ष, मोक्षदा एकादशी

चि. सौ. पद्मा हीस,
आनंदीबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे, दिनूला ठाऊक नाही. शेजारची प्रभावती पेटीत टाकेल. अक्षर वाकडं आलं तर वाचून घे, लहानपणी तुझं मी वाचत होतेच.

तुझं पत्र दिनूने मला वाचून दाखवलं. एक जागा गाळली. मी नंतर त्याच्या कोटातून काढून वाचली. तू म्हणतेस ते खरं आहे. रागावले नाही.

मी क्षेत्रसंन्यास सोडला. गेल्या सोमवारी वेणीमाधव गुरुजींना घरी बोलावलं, दिनू-लतिका कामावर असताना. त्यांना विचारलं की घेतलेलं व्रत सोडता येतं का. त्यांनी पोथी काढून पाहिली. मग म्हणाले की स्वतःच्या मुक्तीसाठी घेतलेलं व्रत दुसऱ्याच्या जिवावर येत असेल तर देवाला विचारून सोडावं. प्रायश्चित्त सांगितलं ते केलं. बिंदुमाधवाला घरूनच हात जोडले आणि सांगितलं की दहा वर्षं तुझ्यापाशी राहिले, आता लेकराजवळ जाते. मन हलकं झालं.

मागच्या पौषात ती तिघं पडली तेव्हा रक्ताने भरलेला फ्रॉक मी धुतला. रक्त लतिकाचं होतं, पण फ्रॉक पोरीचा. त्या दिवसापासून मला माझी मुक्ती गोड लागेना.

दिनूला आत्ता सांगणार नाही. सांगितलं तर तो माझ्या पाया पडेल, रडेल आणि जाऊ देणार नाही. तो बापासारखा आहे. गाडी आली की मी पहिल्यांदा पुढे बसेन, पूल दाखव म्हणेन. आणि पुलावर गेल्यावर सांगेन की आता थांबू नकोस, क्वार्टर दाखव. त्याचं तोंड कसं होतं ते मला पाहायचं आहे. एवढी हौस पुरवून घेते, तू मध्ये बोलू नकोस. शपथ आहे.

पलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणतात. आला तर आला. शरदिनीला पाठीवर बसवून शाळेत पोचवीन, पडणार तरी नाही.

एक पिशवी शिवली आहे, जुन्या लुगड्याची, जाड. रामनगरचे भंटे दिनू आणतो ते बियांचे निघतात, त्याला वांगं कळत नाही. आता माझे मी हाताने निवडून घेईन नि भरीत करीन. आणि चैत्रात गाडीने स्टेशनावर, तिथून पुण्याला तुझ्याकडे. इंदूच्या मुलाला सांग, पणजी येते आहे.

उत्तर घालू नकोस, दिनू उघडेल. मनात धर, म्हणजे मला पोचलं.

तुझी,
आई


॥ श्री ॥
दूधविनायक, काशी
१८ जानेवारी २०००

ती. सौ. पद्माताईस,
दिनूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

न्हाणीघरात घसरून पाय मोडून घेतलास हे फोनवर कळलं. दीड महिना प्लास्टर म्हणजे रत्नाकररावांचीच तपश्चर्या. त्यांना भात तरी करता येतो का?

गाडी आली! पांढरी, उंच, रत्नाकररावांनी सांगितली तीच. पूजा घाटावरच्या नावाड्याने, शिवराम मल्लाहाने, नारळ फोडून केली, कारण मी फोडलेला फुटला नाही. चार दिवस झाले, तिघं गाडीने जातो येतो. काल पुलाच्या मध्यावर शरदिनीने विचारलं की बाबा, ही गंगा एवढी मोठी आहे? वर्षभर रोज तिच्यावरून गेली नि पाहिली काल. 

आईला येत्या रविवारी बसवणार आहे. शिवराम आणि त्याचा भाऊ तिला खुर्चीवरून मैदागिनपर्यंत नेतील. तिने लहान मुलीसारखी घाई लावली आहे. पूल पाहायचा म्हणते. मध्यापर्यंत नेऊन वळवून आणीन, व्रताला धक्का नको.

पाय जप. आमची आठवण राहू दे.

तुझा,
दिनू


दूधविनायक, काशी
७ फेब्रुवारी २०००

ती. सौ. ताईस,
दिनूचा नमस्कार.

परवा चौदावा दिवस झाला. फोनवर मी फक्त आई गेली एवढंच म्हणू शकलो. तू येऊ शकली नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस, प्लास्टर घालून कशी येणार होतीस? पण सगळं तुला सांगितल्याशिवाय मला झोप नाही.

रविवारी दुपारी छान ऊन होतं. आई पुढे बसली. मांडीवर एक घडी घातलेली पिशवी होती, ती लतिकाच्या हातात देईना. पुलावर चढलो तसे सगळे घाट एका नजरेत आले. तिने शिंदे घाट, पंचगंगा सगळे बोट दाखवून शरदिनीला सांगितले. मध्यावर मी वेग कमी केला. ती माझ्याकडे वळून हसली, काहीतरी सांगणार होती. आणि तेवढ्यात तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

ताई, शब्द निघत नव्हते. पण उजवा हात चालत होता. तो ती पुन्हा पुन्हा समोर उचलत होती, रामनगरच्या दिशेला. डोळे माझ्यावर. लतिका मागून ओरडत होती की पुढे चला, पूल उतरल्यावर पलीकडे पडावला दवाखाना आहे, दहा मिनिटं लागतील. पण मला आईचा हात दिसत होता. मला वाटलं ती सांगते आहे की तिकडे नको. काशीत मरण यावं म्हणून जिने दहा वर्षं वेस ओलांडली नाही, तिला मी पलीकडे कसा नेणार होतो? मी लतिकावर ओरडलो आणि गाडी वळवली. लोकांनी सायकली बाजूला घेतल्या. रत्नाकरराव म्हणाले होते, लहान गाडी कुठेही वळते. वळली. तीन झटक्यांत वळली. इंडिका असती तर वळली नसती, पुढेच न्यावी लागली असती.

परतीला कोंडी होती. मैदागिनच्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. त्याआधीच ती गेली होती. कुठे, ते मला कळलं नाही. काशीच्या बाजूला पूल उतरल्यावर, असं मी सगळ्यांना सांगतो. तिची मूठ उघडून पिशवी काढावी लागली. रिकामी होती. बाजाराची रिकामी पिशवी घेऊन ती कशाला आली असेल?

डॉक्टर म्हणाले की वेळेवर उपचार मिळाले असते तर कदाचित.  लतिका एका शब्दाने टोचत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. गाडी विकतो आहे. क्वार्टरचं नावही काढायचं नाही असं ठरवलं आहे.

तू थोरली आहेस. तू मला आईइतकी ओळखतेस आणि आईला माझ्यापेक्षा जास्त. त्या हाताचा अर्थ मी बरोबर लावला ना? एवढंच कळव.

दिनू


॥ श्री ॥
पुणे
१८ फेब्रुवारी २०००

चि. दिनू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे तिसरं पत्र. आधीची दोन लिहून फाडली, म्हणून उशीर झाला. बाळा, मी खूप रडले. अजूनही रडतेच आहे, अक्षर फुटलं असेल तिथे समजून घे.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. हो. तू बरोबर अर्थ लावलास. तिच्या हाताने ती नकोच म्हणत होती. व्रत हा तिचा प्राण होता, त्यासाठी तिने माझं दारही पाहिलं नाही, हे मी तुला किती वेळा रागाने लिहिलं. तू तिचा प्राण राखलास. पूल उतरल्यावर गेली असं तू सांगतोस, मीही तसंच सांगेन. हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारू नकोस, मलासुद्धा. थोरली आहे म्हणून विचारलंस, थोरली म्हणून सांगितलं, इथे संपलं.

पण लतिकाही चुकली नव्हती. हे पत्र तिच्यासमोर वाच आणि तिची क्षमा माग. तिचं मनगट मोडलं त्या पुलावर तिने सासूसाठी पुढे चला म्हटलं, हे विसरू नकोस.

आता माझं ऐक. आईने एकादशीला मला एक पत्र घातलं होतं, तुझ्या नकळत. ते मी कोणाला दाखवणार नाही, आम्हा मायलेकींचं आहे. पण त्यात तुझ्यासाठी जे आहे तेवढं सांगते. तुम्ही तिघांनी पेरूच्या झाडाच्या क्वार्टरमध्ये राहावं, पुन्हा पौषात पूल ओलांडू नये, ही तिची इच्छा होती. लेकरू पडू नये, एवढंच तिला हवं होतं. तेव्हा क्वार्टर घे. हा तिचा शब्द आहे, माझा नाही.

आणि गाडी विकायची नाही. परवा प्लास्टर निघालं. चैत्रात मी येते, तिकिटं काढली आहेत. इंदू आणि तिचा मुलगाही येतो आहे, पणजीचं घर पाहायला. तू स्टेशनवर तीच गाडी घेऊन ये. मी पुढे बसेन. पुलावर गाडी हळू करू नकोस आणि मी रडले तरी थांबवू नकोस, सरळ पलीकडे ने.

रामनगरच्या बाजारात मात्र थांब. मला भंटे घ्यायचे आहेत, माझ्या हाताने निवडून. आईची ती पिशवी धुऊ नकोस, तशीच घेऊन ये.

तिची माया आता आपण दोघांनी वाटून घ्यायची.

तुझी,
ताई