घारीचा कोरा पंख

प्रिय कमांडरसाहेब,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर उरला तर. तुझ्या सिक्युरिटी कंपनीच्या वर्धापनदिनाचं गुळगुळीत पुस्तक काल पोचलं. पहिल्याच पानावर तू, हाताची घडी घालून, डोक्यावर माझ्या पलटणीतल्यासारखी टोपी आणि तिच्यावर माझ्या पलटणीची घार. खाली छापलंय, 'कमांडर'. कशाचा रे? शाळेच्या कवायतीत डावं-उजवं कळत नाही म्हणून मास्तरांनी तुला ढोल वाजवायला बसवलं होतं. तुझी आई फोटो बघून म्हणाली, टोपी छान बसलीय. मी म्हटलं, बसणारच, आत अडायला आहे काय? त्यावरून ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

'आमचा इतिहास' हे पान मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्यात तू घारीचा गरुड केलायस. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होतं, पण तो बिळाचं नावही बदलतो हे पहिल्यांदाच बघितलं. आमची घारच होती बाबा. नदीवर पूल बांधणारी पलटण, दिवसभर डोक्यावर घारी फिरायच्या, म्हणून कुणा साहेबाने बिल्ल्यावर घार घातली. तिला कोणी देवाचं वाहन वगैरे म्हणत नव्हतं. आणि 'शौर्याची अखंड परंपरा' असं लिहिताना पेन अडखळलं नाही? पलटण मोडली तेव्हा तू रांगत होतास. शेवटच्या परेडनंतर निशाण गुंडाळून ठेवलं आणि आम्हाला वेगवेगळ्या पलटणींत वाटून टाकलं. नवे बिल्ले मिळाले, ते मी लावले, कारण हुकूम होता. घार मात्र जपून ठेवली.

तीच घार तू फ्रेम करून देतो म्हणून घेऊन गेलास. मला वाटलं, पोराला किंमत कळली. तू ती नेलीस बिल्ले करणाऱ्याकडे, आणि डाव्या पंखाचं टोक तुटलंय असं बघून त्याला पंख नीट करून छाप काढायला सांगितलंस. तुला तो डिफेक्ट वाटला. अरे, लहानपणी मी तुला ही गोष्ट किती वेळा सांगायला बसलो, आणि तू किती वेळा बाथरूमला जायचं म्हणून उठलास!

आता पत्रातून उठून जाता येणार नाही, तेव्हा ऐक. आमच्यात भरती होणाऱ्याला अख्ख्या पंखाची घार मिळायची. त्याला सगळे 'कोऱ्या' म्हणायचे. कोऱ्या, पाणी आण. कोऱ्या, तंबू बांध. पलटणीच्या पहिल्या लढाईत एक नाईक सगळी माणसं पलीकडे जाईपर्यंत पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. तो सापडला तेव्हा त्याच्या बिल्ल्याचा डावा पंख गोळीने उडाला होता, असं सांगायचे. खरंखोटं देव जाणे. पण तेव्हापासून ज्याने आपली जागा सोडली नाही, त्याच्या घारीचं टोक कोणीतरी जुना माणूस कानशीने घासून द्यायचा. माझं घासलं आमच्या बुटक्या हवालदाराने, पुराच्या रात्रीनंतर. घासून झाल्यावर फुंकर मारून भुकटी उडवली. तुझ्या जन्माचा आनंद मोठा होता हे मान्य, पण तो दुसऱ्या नंबरचा.

तुझ्या आईचे डोळे दाखवायला हॉस्पिटलात जाऊ लागलो, तिथल्या दारात तुझा गार्ड उभा. टोपीवर घार बघितली आणि माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. आईने दंड धरून खाली ओढला. मग नीट बघितलं तर पंख अख्खा. इतका संताप आला की त्या बिचाऱ्यालाच झापलं, पट्टा सैल, बूट मळके, पंख खोटा. तो उंचाडा माणूस निमूटपणे पट्टा आवळू लागला. पुढच्या खेपेला बूट चकचकीत होते आणि त्यानेच विचारलं, काका, पंखाचं काय म्हणत होता? मी सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही मोबाइल बघितला नाही.

त्या दारात काय झालं ते तुला माझ्याहून आधी कळलं असणार. पेशंट दगावला म्हणून काठ्या घेऊन आलेली टोळी, आत एक कोवळी डॉक्टर आणि दोन नर्सा. तुझे बाकीचे गरुड पार्किंगच्या केबिनला आतून कडी लावून बसले. उंचाडा दारात उभा राहिला. खांद्याचं हाड मोडलं तरी दार सोडलं नाही. आणि तू काय केलंस? 'अभ्यागतांशी उद्धट वर्तन' म्हणून त्याला काढून टाकलंस. टोळी ज्या बड्या धेंडाची होती, त्याच्याच इमारतींवर तुझी माणसं असतात, हे मला त्याने सांगितलं नाही, हॉस्पिटलच्या झाडूवालीने सांगितलं. मला तुझी लाज वाटते. हे मी आजवर तुझ्या आईलासुद्धा बोललो नव्हतो.

आता पत्राचं कारण. तुझ्या ऑफिसने त्याच्याकडे गणवेश परत मागितला. शर्ट, पट्टा, शिट्टी, सगळं त्याने धुऊनपुसून दिलं. फक्त बिल्ला घेऊन तो काल आमच्याकडे आला, हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, काका, हा तुमचा, तुम्हीच ठेवा. मी त्याला बसवलं, कानस काढली आणि डाव्या पंखाचं टोक घासलं. जरा वाकडं झालं. फुंकर मारली आणि त्याच्या खिशात टाकला. तुझ्या ऑफिसला कळव, तो बिल्ला परत मिळणार नाही. त्याचं हाड जुळलं की त्याला त्याच दारात उभा कर, किंवा सगळ्यांच्या डोक्यावरून माझी घार उतरव. दोन्ही जमत नसेल तर माझा बिल्ला घेऊन ये आणि माझ्या हातात देऊन जा, आई जेवायला वाढेल. पाकिटावर मी 'कोऱ्या यास' असं लिहिलं होतं. तुझ्या आईने ते खोडून तुझं नाव घातलं. मी खोडू दिलं. कानस अजून टेबलावरच आहे, तिला म्हटलं, आवरू नकोस.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
बाबा